लिफ्टमनची मुलगी जिन्यावर वाचते

इमारत आठ मजल्यांची, लिफ्ट एकच, आणि ती चालवणारा माणूसही एकच. लोखंडी जाळीचा तो पिंजरा चार फूट रुंद आणि पाच फूट खोल. कोपऱ्यात एक स्टूल, स्टुलाशेजारी पितळी हँडल. हँडल एका बाजूला ओढलं की लिफ्ट वर, दुसऱ्या बाजूला ओढलं की खाली, आणि सोडून दिलं की असेल तिथे उभी. एवढं शिकायला लिफ्टमनला अर्धी सकाळ लागली होती. त्यानंतरची एकोणीस वर्षं तो तेच करत होता. इमारतीतले सगळे त्याला मामा म्हणत, कारण नाव विचारायला कोणाला सवड नसे. तळमजल्यापासून आठव्यापर्यंत जायला सव्वा मिनिट लागतं. तेवढ्यात ओळख होत नाही, नुसती सवय होते.

या नोकरीने त्याचं एक मोठं नुकसान केलं होतं. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला अर्धीच कळायची. तिसऱ्या मजल्यावरचा कारकून मित्राला सांगत असायचा की त्याची मेहुणी भरल्या घरातून निघाली ती थेट, आणि तेवढ्यात तिसरा मजला यायचा. कोणाच्या हातात वर्तमानपत्र असलं तर मान वाकडी करून मामा मथळा आणि पहिल्या चार ओळी गाठायचा, उरलेल्या ओळी त्या माणसाबरोबर उतरून जायच्या. स्वतः वाचावं म्हटलं तर डोक्यावरच पाटी ठोकलेली: लिफ्टचालकाने कामाच्या वेळी धूम्रपान, वाचन व गप्पा करू नयेत. वाचनाला असं विडीकाडीच्या पंगतीत बसवणारा माणूस कोण होता देव जाणे, पण नियम म्हणजे नियम.

ही अर्धी गोष्ट तो संध्याकाळी घरी न्यायचा. घरी मुलगी होती. एका जागी दोन मिनिटं बसायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला. बाप घरी आला की भिंगरी त्याच्या गुडघ्यावर चढायची आणि म्हणायची, ‘‘आज कोण होतं?’’

‘‘आज ती मेहुणी. भरल्या घरातून निघाली ती थेट...’’

‘‘थेट कुठे?’’

‘‘थेट तिसरा मजला आला.’’

मग भिंगरी त्याच्या छातीवर बुक्क्या मारायची आणि पुढचं स्वतःच सांगायची. तिच्या गोष्टीत मेहुणी विहिरीत उतरायची, तिथल्या कासवाशी भांडायची आणि त्याच्या पाठीवर बसून दुसऱ्या गावी निघायची. आई भाजी चिरता चिरता म्हणायची, ‘‘बाप लेकीला थापा शिकवतोय.’’ तिघंही हसायची. ते दिवस चांगले होते, आणि चांगले दिवस चालू असताना ते चांगले आहेत हे माणसाला कळत नाही, तसं लिफ्टमनलाही कळलं नाही.

भिंगरी तिसरीत गेली आणि शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी तिची वही पुढे ठेवली. ‘‘हुशार आहे, पण वाचत नाही. पहिलं अक्षर बघते आणि पुढचं मनचं ठोकून देते. चौथीत गेल्यावर फार जड जाईल तिला. घरी वाचून घेत जा.’’

घरी येताना लिफ्टमनला आपलीच शाळा आठवली. त्याची स्वतःची शाळा आठवीत सुटली होती, तीही याच कारणाने. पुस्तक उघडलं की अक्षरं अंगावर यायची. मग एका ओळखीच्या माणसाने या स्टुलावर आणून बसवलं, चार दिवस बस म्हणाला, आणि तो बसला तो बसलाच. आपल्या पोरीच्या नशिबी असंच एखादं स्टूल येईल, या भीतीने त्याला ग्रासलं. त्या दिवसापासून मेहुणी, कारकून, कासव सगळं बंद. आधी पानं, मग बाकीचं.

आता मूल वाचायला कसं लागतं हे त्याला माहीत नव्हतं. पण दिवसातून चारशे माणसं त्याच्या पिंजऱ्यातून जात होती, त्यांतल्या निम्म्यांना तरी माहीत असणार असं त्याने धरलं. त्याने विचारायला सुरुवात केली. आणि सल्ला मागणारा माणूस दिसला की लोकांना मजल्याचंही भान राहत नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, ‘‘रोज दहा पानं. एक चूक झाली की पहिल्यापासून. शिस्त पाहिजे, मामा.’’

चौथ्या मजल्यावरच्या विमावाल्या बाई म्हणाल्या, ‘‘छे! लाडीगोडीने घ्या. एका पानाला एक गोळी.’’

सहाव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हे ऐकून असे वळले, जणू कोणी त्यांच्याच दाताला हात घातला. ‘‘गोळी अजिबात नाही! चारचौघांत मोठ्याने वाचायला लावा. भीड चेपते.’’

लिफ्टमन कोणाचंच मन मोडणारा नव्हता. त्याने सगळ्यांचं ऐकलं. दहा पानं लावली, पानाला गोळी लावली, आणि चारचौघांची सोय तर पिंजऱ्यात आयती होतीच. शाळा सुटल्यावर तीन ते सहा भिंगरीला सांभाळायला घरी कोणी नसायचं, म्हणून ती लिफ्टमध्येच यायची. एरवी कोपऱ्यातल्या पालथ्या खोक्यावर बसून ती माणसांच्या बुटांची गंमत बघायची. आता मांडीवर धडा आला.

आणि लोक! एखाद्या मुलीच्या हातात पुस्तक दिसलं की मोठ्या माणसांच्या जिभेला कसली खाज सुटते कोण जाणे. ‘‘काय वाचतेस? दाखव बघू वाचून.’’ ‘‘कितवीत आहेस? आणि हे येत नाही?’’ ‘‘आमचा धाकटा पाचव्या वर्षी पेपर वाचायचा.’’ तळमजल्याला एक परीक्षक उतरला की दुसरा चढायचा. भिंगरी अडखळली की कोणीतरी शब्द पुरवायचं, कोणीतरी हसायचं, आणि लिफ्टमन मान डोलवत म्हणायचा, ‘‘घ्या तुम्हीच जरा हिला, साहेब.’’ आपण पोरीसाठी केवढी मोठी शाळा उघडलीय असंच त्याला वाटत होतं. त्या खोक्यावर ती दिवसेंदिवस लहान होत चाललीय, हे त्याच्या ध्यानातच येत नव्हतं.

एका गुरुवारी लिफ्टमध्ये सहाजण होते. वकिलांनी नेहमीप्रमाणे बोट ठेवलं, ‘‘हं, इथून.’’ भिंगरीने पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला आणि तिसऱ्यावर थांबली. वकील आपला मजला सोडून वर आले, पण बोट काही उचलेनात. तिसरा मजला गेला, चौथा गेला. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. लिफ्टमन स्टुलावरून वळला.

‘‘अगं, परवा तर वाचलंस हे! बोल ना! तोंडात काय धरलंयस?’’

एवढ्या मोठ्याने तो आजवर तिच्यावर कधी ओरडला नव्हता. भिंगरीने पुस्तक मिटलं, खोक्यावर ठेवलं, आणि सहाव्या मजल्यावर दार सरकताच लोकांच्या पायांमधून ती बाहेर पळाली.

लिफ्टमन उठला. तेवढ्यात तळमजल्याची घंटा वाजली, मग पाचव्याची, मग पुन्हा तळमजल्याची. स्टूल सोडून गेला तर नोकरी जायची. तो खाली आला, माणसं घेतली, वर गेला, माणसं सोडली. पोरगी रस्त्यावर गेली असेल, गच्चीवर गेली असेल, काय वाटेल ते झालं असेल, आणि हा मनुष्य ‘कितवा मजला?’ विचारत होता. अर्धा तास असा गेला. पिंजऱ्याचं दार रोज शंभरदा स्वतःच्या हाताने उघडणारा तो, पण त्या अर्ध्या तासात त्याला पहिल्यांदा कळलं की ते त्याच्यासाठी कधीच उघडत नाही.

शेवटी कोणीतरी आठव्याला निघालं, तेव्हा ती दिसली. त्या जुन्या इमारतीत जिना लिफ्टच्या भोवतीने वर चढायचा, आणि मधे नुसती जाळी. सातवा मजला गेलं वर्षभर कुलूपबंद होता, त्यामुळे सहाव्याच्या पुढे जिन्यात कोणी फिरकायचं नाही. तिथल्या वळणावर भिंगरी भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. लिफ्ट वर निघून गेली. खाली येताना ती तशीच होती. त्याने जाळीतून हळूच हाक मारली, तिने मान वर केली नाही.

दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापक साहेबांनी त्याला आठव्या मजल्यावर बोलावलं. साहेबांच्या कमरेला पन्नासेक किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि बोलताना ते तो खुळखुळवत.

‘‘मामा, लिफ्ट म्हणजे पाळणाघर नाही. तक्रार आलीय. हे बघा, चार महिन्यांत बटणांची नवीन लिफ्ट बसतेय. तिला माणूस लागत नाही. तुमच्यासाठी मी खाली दारावरची जागा राखून ठेवलीय, ती काही तुमच्या हक्काची नाही. मुलगी इमारतीत पुन्हा दिसता कामा नये.’’

‘‘हो, साहेब,’’ लिफ्टमन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितलं. दिवसभर वाफेत चादरी उपसून तिचे हात लाल झाले होते. तिने आधी सगळं ऐकून घेतलं.

‘‘तीन ते सहा पोरीला ठेवू कुठे मी? धुलाईखान्यात? तिथे मोठ्यांना घेरी येते.’’

‘‘मग काय करायचं?’’

‘‘जिन्यात बसली होती ना? बसू दे तिथेच. वर कोणी येत नाही म्हणता. सहा वाजता मी घेऊन जाईन.’’ मग भांडं जरा जोरात आपटत ती म्हणाली, ‘‘आणि अहो, तिला जरा नुसतं बसू द्या. अख्ख्या इमारतीला विचारून आलात तुम्ही. पोरीला विचारलंत का कधी काही?’’

लिफ्टमनने मान खाली घातली आणि तो जेवला.

मग भिंगरी रोज तीन वाजता मागच्या दाराने यायची आणि जिना चढून त्या वळणावर जाऊन बसायची. लिफ्टमनला ती दिसायची ती आठव्या मजल्याचं कोणी असेल तेव्हाच, आणि तीही तुकड्यातुकड्याने. लिफ्ट चढताना जाळीतून आधी तिचे केस दिसत, मग मांडी, मग चपला, की संपलं. दिवसातून आठ-दहा वेळा लेकीचं असं दर्शन. बोलायचं नाही, थांबायचं नाही, बघतोय हेही कोणाला कळू द्यायचं नाही. पहिले चार दिवस ती नुसती बसलेली दिसली. एकदा नखं खात होती. एकदा जाळीच्या भोकांत बोटं अडकवून वर सरकणाऱ्या लिफ्टकडे बघत होती, आणि त्या दिवशी दोघांपैकी नक्की कोण कोंडलंय हेच लिफ्टमनला उमजेना.

पाचव्या दिवशी तिच्या मांडीवर काहीतरी होतं.

दातांच्या डॉक्टरांनी आपल्या बाहेरच्या खोलीतली जुनी मासिकं सुतळीने बांधून त्या वळणावर टाकली होती, रद्दीवाल्यासाठी. पेशंटांच्या मुलांनी चाळून चाळून कान दुमडलेली, कुठे मिशा काढलेली, कुठे पानं गळालेली. भिंगरीने सुतळी सोडली होती. पहिल्यांदा दिसली तेव्हा ती चित्रं बघत होती. दुसऱ्या फेरीलाही चित्रंच. त्यानंतर तिसऱ्या दिवशी लिफ्ट वर जाताना लिफ्टमनने पाहिलं की तिचं बोट ओळीवरून सरकतंय. ओठ हलताहेत. बोट अडलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. कोणी हसलं नाही, कोणी शब्द पुरवला नाही. तिथे कोणी नव्हतंच.

लिफ्टमनला असं वाटलं की लिफ्ट थांबवावी, जाळीला तोंड लावावं आणि विचारावं, ‘काय वाचतेस गं? दाखव बघू.’ ते शब्द अगदी दातांपर्यंत आले आणि तिथेच त्याला त्यांचा आवाज ओळखू आला. वकिलांचा आवाज होता तो. विमावाल्या बाईंचा, डॉक्टरांचा. आणि त्या गुरुवारचा त्याचा स्वतःचा. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मागचा माणूस ‘आठवा आला, मामा’ म्हणाला तेव्हा कुठे त्याने लिफ्ट थांबवली.

घरी त्याने बायकोला कानात सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तोंडातून अक्षर काढलंत तर याद राखा.’’

गप्प बसणं म्हणजे किती मेहनत असते हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. जेवताना लिफ्टमन भाताशी खेळत राहायचा, पाण्याचा पेला उचलायचा, ठेवायचा, खोकायचा. बायको डोळे वटारायची. असे दहा-बारा दिवस गेले. मग एकदा भिंगरी आपणहून म्हणाली, ‘‘एक म्हातारा असतो. तो दीपगृहात एकटाच असतो आणि त्याचा दिवा चोरीला जातो.’’

‘‘मग?’’ लिफ्टमनच्या तोंडून निसटलंच.

‘‘मग मला काय माहीत? आई घ्यायला आली ना. उद्या वाचीन.’’

त्याने बायकोकडे पाहिलं. ती पातेल्यात बघून हसत होती.

महिना गेला. रद्दीवाला येऊन गेला तेव्हा लिफ्टमनने त्याला दुसऱ्या मजल्यावरूनच परत पाठवलं, वर काही नाही म्हणून. एकोणीस वर्षांत तो इमारतीत पहिल्यांदा खोटं बोलला. आता त्याला सगळ्यात जास्त धास्ती होती ती एकाच गोष्टीची: कोणीतरी तिला बघेल, आणि कोणीतरी तिला विचारेल.

आणि मग तो दिवस आला. साडेचारच्या सुमाराला साहेब लिफ्टमध्ये चढले, बरोबर नव्या लिफ्टच्या कंपनीचा मिस्त्री. हातात टेप, कानावर पेन्सिल. मिस्त्रीला वरपर्यंतच्या रुळांचं माप हवं होतं. लिफ्टमनने हँडल ओढलं. सहावा मजला गेला.

‘‘इथे थांबवा जरा,’’ मिस्त्री म्हणाला.

‘‘वर सातव्याला उभी करतो, तिथे बरं पडेल,’’ लिफ्टमन घाईघाईने म्हणाला.

‘‘नाही, रुळांचा जोड इथेच आहे. अजून थोडी वर... अजून... बस.’’

लिफ्ट बरोबर वळणासमोर उभी राहिली. हातभर अंतर, मधे जाळी. भिंगरी पाय पोटाशी घेऊन बसली होती. मांडीवर मासिक, त्यावर बोट. लिफ्ट आली, तीन माणसं समोर येऊन उभी राहिली, तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

‘‘ही कोण?’’ साहेबांनी विचारलं, आणि लगेच त्यांना कळलं. ‘‘मामा, तुमचीच ना?’’

मिस्त्री टेप लावायचं विसरला. लिफ्टमनला पळायला जागा नव्हती. समोर जाळी, मागे जाळी, खाली सहा मजले. ‘ओळखत नाही’ म्हणता आलं असतं. दारावरची जागा राहिली असती. त्या जागेची त्याला किती गरज होती हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

‘‘माझीच,’’ तो म्हणाला.

‘‘काय ठरलं होतं आपलं?’’ साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि जाळीवर वाजवायला हात उचलला. ‘‘ए मुली...’’

लिफ्टमनने त्यांचं मनगट धरलं. साहेबांचं मनगट! मिस्त्री एक पाऊल मागे सरला.

‘‘साहेब, हाक मारू नका. एवढं पान होऊ द्या.’’

‘‘काय?’’

‘‘पान. तळाशी आलीय ती. चार ओळी राहिल्यात.’’ त्याचा हात सुटत नव्हता. ‘‘मग काय बोलायचं ते मला बोला. तोवर लिफ्ट हलायची नाही.’’

हँडल लिफ्टमनच्या बाजूला होतं, आणि ते चालवता येणारा माणूस त्या पिंजऱ्यात एकच होता. तिघं उभे राहिले. चौथी ओळ, तिसरी. मधे एका शब्दावर बोट अडलं. मिस्त्रीचे ओठ नकळत हलले, पण शहाण्यासारखा तो गप्प राहिला. बोट मागे गेलं, पुन्हा आलं, आणि शब्द ओलांडून पुढे सरकलं. शेवटची ओळ संपली. भिंगरीने बोट जिभेला लावलं, पान उलटलं आणि बोट दुसऱ्या पानाच्या डोक्यावर ठेवलं.

लिफ्टमनने मनगट सोडलं आणि लिफ्ट आठव्याला नेली. उतरताना साहेब म्हणाले, ‘‘नवी लिफ्ट बसेपर्यंत या. दारावरच्या जागेचं मात्र विसरा आता.’’ मिस्त्री त्यांच्या मागून निघाला आणि जाता जाता लिफ्टमनच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

रिकामी लिफ्ट घेऊन तो खाली निघाला. नवी लिफ्ट बसल्यावर काय करायचं, बायकोला काय सांगायचं, काही सुचत नव्हतं. वळणासमोर त्याने हँडल सोडलं. खालून घंटा वाजत होती, ती त्याने वाजू दिली. तिला काहीतरी सांगावं असं त्याला फार वाटलं. आज काय झालं ते, किंवा नुसतं तिचं नाव घेऊन हाक मारावी. तो जाळीशी आला.

भिंगरीने कपाळाला आठी घातली. डोळे पानावरच होते.

‘‘बाबा, लिफ्ट खाली घे ना. उजेड अडतोय.’’

त्याने मागे वळून पाहिलं. पलीकडच्या भिंतीत एक खिडकी होती आणि तिचा उजेड लिफ्टच्या पोकळीतून या वळणावर पडत होता. एकोणीस वर्षांत ती खिडकी त्याने पाहिली नव्हती. आत्ता तिच्या आड त्याचा पिंजरा उभा होता आणि पिंजऱ्यात तो.

‘‘घेतो,’’ तो म्हणाला आणि लिफ्ट खाली नेली.